शेवटच्या स्पर्धेआधीचे सहा आठवडे: लहान जलतरणपटूंच्या पालकांसाठी आणि नव्या प्रशिक्षकांसाठी

वर्षभर पहाटे साडेपाचला तलावावर हजेरी लावणारी मुलं हंगामाच्या शेवटच्या मोठ्या स्पर्धेत मागे पडतात, ती पुष्कळदा पोहणं कमी पडल्यामुळे नव्हेच. कोणी बॅकस्ट्रोकच्या टर्नला लवकर पालथं होतं. कोणी ब्रेस्टस्ट्रोकला एकाच हाताने भिंत धरतं. कोणाचं नाव पुकारलं जातं तेव्हा ते कँटीनच्या रांगेत असतं. कोणी आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळताना पाय मुरगळून घेतं. मी उपनगरातल्या एका तलावावर नऊ ते सोळा वयाची मुलं तयार करतो आणि माझं मत आता पक्कं झालंय: शेवटच्या सहा आठवड्यांत मुलाचा वेग तुम्ही फारसा वाढवू शकत नाही. वर्षभर कमावलेला वेग गळू न देणं एवढंच हातात असतं. तेवढं नीट केलं तरी टायमिंग बरंच खाली येतं.

जिल्हा, आंतरशालेय किंवा राज्य स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. क्रम साधारण कॅलेंडरचा आहे.

सहा आठवडे आधी: कागद आणि इव्हेंट

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून आधी उरका. जन्मदाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, फेडरेशनच्या नोंदणीचा क्रमांक, फोटो, आणि परिपत्रकात मागितलं असेल तर डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. सगळं एका फोल्डरमध्ये, झेरॉक्सच्या दोन-दोन प्रतींसह. नाव प्रत्येक कागदावर अक्षर न अक्षर जुळतंय का ते पाहा. आधारवर वडिलांचं नाव मधे आहे आणि दाखल्यावर नाही, एवढ्यावरूनही टेबलापाशी अर्धा तास जातो. काही जन्मदाखल्यांवर मुलाचं नावच चढवलेलं नसतं, नुसती आई-वडिलांची नावं असतात. तसं असेल तर वॉर्ड ऑफिसची फेरी आजच मारा, स्पर्धेच्या आठवड्यात ते काम होत नाही.

वयोगट ठरवताना ३१ डिसेंबरला मुलाचं वय किती, हे धरतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांचा इथे हमखास गोंधळ होतो.

प्रवेशिकेत टायमिंगचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. टायमिंग नसलेलं मूल सगळ्यात संथ हीटमध्ये, म्हणजे एका वेळी पोहणाऱ्या मुलांच्या सगळ्यात संथ गटात, जातं. आठ लेनच्या तलावात हीटमधलं सगळ्यात चांगलं टायमिंग असलेल्याला चौथी लेन मिळते, मग पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि शेवटी आठवी. वेगवान मुलाला संथ हीटमध्ये एकट्याने पुढे पोहावं लागलं, तर शेजारी रेटणारं कोणी नसल्यामुळे त्याचंच नुकसान होतं. उलट, फुगवून लिहिलेलं टायमिंग मुलाला मधल्या लेनमध्ये नेऊन सगळ्यांच्या मागे टाकतं. दोन्ही वाईट.

इव्हेंट किती घ्यायचे? परिपत्रकात मुभा असते म्हणून सगळे घ्यायचे नसतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दोन-तीन वैयक्तिक आणि एखादी रिले पुरे. मोठ्या मुलांसाठी आधी इव्हेंटचा क्रम पाहा. २०० मीटर आयएम (वैयक्तिक मेडले, चारही स्ट्रोक एकामागोमाग) नंतर लगेच ५० बटरफ्लाय लागत असेल तर त्यातलं एक सोडलेलं बरं. "फी तर भरलीच आहे, पोहू दे की," असं म्हणणारे पालक मला दर हंगामात भेटतात. फी वाया गेली तरी चालेल, मुलाचा मुख्य इव्हेंट वाया जाऊ नये.

लक्ष्य ठरवताना तलावाची लांबी विसरू नका

मुंबईत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. इथली कितीतरी मुलं क्लबच्या किंवा सोसायटीच्या २५ मीटरच्या, कधी त्याहूनही आखूड टँकमध्ये सराव करतात, आणि स्पर्धा होते ५० मीटरमध्ये. दादरचा महानगरपालिकेचा महात्मा गांधी तलाव किंवा पुण्याच्या बालेवाडीचा तलाव पहिल्यांदा पाहिला की आपल्या मुलाला तो संपतच नाही असं वाटतं. ते खरंच आहे. २५ मीटरच्या टँकमध्ये १०० मीटरला तीन टर्न मिळतात, ५० मध्ये एकच. प्रत्येक टर्नला भिंतीला पाय देऊन मिळणारा फुकटचा वेग आणि हातांना मिळणारी क्षणभराची विश्रांती, दोन्ही गेली. १०० मीटरला एक-दोन सेकंदांचा फरक सहज पडतो. म्हणून लक्ष्य ठरवताना ५० मीटरचं टायमिंग ५० मीटरच्याच टायमिंगशी ताडून पाहा. प्रशिक्षकाच्या हातातल्या घड्याळाचं टायमिंगही बहुतेक वेळा टचपॅडच्या (हात लागताच घड्याळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या पट्टीच्या) टायमिंगपेक्षा थोडं खुशामत करणारं असतं, तेही लक्षात असू द्या.

स्पर्धेआधीच्या महिन्यात निदान चार-पाच वेळा तरी ५० मीटरच्या तलावात पोहण्याची सोय करा. पालिकेच्या तलावांवर बॅचच्या वेळा ठरलेल्या असतात आणि सुट्टीच्या दिवसांत गर्दी असते, त्यामुळे ओळखीच्या क्लबच्या प्रशिक्षकांशी आधीच बोलून एखादी लेन मिळते का ते विचारा. अशा दिवशी फक्त एक काम करायचं: दुसऱ्या २५ मीटरचे हात मोजायचे. मूल पहिल्या २५ मध्ये २० हात मारत असेल आणि दुसऱ्यात २६, तर हात छोटे पडताहेत, कोपर खाली येतंय, पाणी मागे ढकललं जात नाहीये. ताकद वाढवायला आता वेळ नाही. मात्र पहिली २५ थोडी सबुरीने घेऊन हात लांब ठेवायला शिकवता येतं, आणि तेवढ्यावर शेवटचा भाग सुधारतो.

लक्ष्य नेहमी तुकड्यांत सांगा. "१:१२ मार" असं बारा वर्षांच्या मुलीला सांगून उपयोग नाही. "पहिले ५० साडेचौतीसमध्ये, दुसरे साडेसदतीसमध्ये" हे तिला कळतं, कारण सरावात ती रोज ५० चे सेट मारते. या काळात आठवड्यातून एकदा तुकड्यांतलं १०० करून घ्या: ब्लॉकवरून (सूर मारायच्या चौथऱ्यावरून) पूर्ण वेगाने ५०, भिंतीपाशी दहा सेकंद थांबा, पुन्हा पूर्ण वेगाने ५०. एकूण वेळेतून दहा सेकंद वजा करा. तो आकडा मुलाच्या स्पर्धेतल्या टायमिंगच्या बराच जवळ असतो आणि मुलाला त्यावर विश्वास बसतो.

चार आठवडे आधी: सगळं भिंतीपाशी आहे

साजन प्रकाशने २०२१ च्या जूनमध्ये रोममध्ये २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये पोहून टोकियो ऑलिंपिकची थेट पात्रता मिळवली. अशी पात्रता मिळवणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू. पात्रतेची वेळ होती १:५६.४८. दोनशे मीटर पोहून फरक उरला एका सेकंदाच्या दहाव्या भागाचा. आमच्या दहा वर्षांच्या मुलांचे टर्न पाहिले तर एकेका भिंतीवर त्याच्या कितीतरी पट वेळ सांडलेला दिसतो.

एखाद्या संध्याकाळी टर्नच्या टोकाला उकिडवे बसा आणि ब्रेस्टस्ट्रोकचा टर्न जवळून बघा. मूल भिंतीशी येतं, दोन्ही हात लावतं, आणि मग तलावाच्या काठाची पन्हळ पकडून खांद्यापर्यंत वर येतं, मोठा श्वास घेतं, डोळ्यावरचं पाणी झटकतं, शेजारच्या लेनमध्ये कोण आहे ते बघतं, आणि मग वळतं. स्टॉपवॉच लावून पाहा, दोन सेकंद आरामात जातात. उपाय साधा आहे. हात लागले की एक हात लगेच पाण्याखालून कोपर दुमडत मागे, गुडघे छातीशी, दुसरा हात कानाजवळून पुढे, श्वास छोटा, कूस बदलत पाय भिंतीवर. रोज सरावाच्या शेवटी दहा टर्न, भिंतीपासून पाच मीटरवरून सुरू करून पाच मीटरवर संपवायचे. मूल थकलेलं असताना करून घ्या, कारण स्पर्धेत टर्न येतो तेव्हा ते थकलेलंच असतं.

सुरुवातीच्या सूरसाठी आठवड्यातून तीन दिवस, सरावाच्या आरंभी, अंग ताजं असताना चार वेळा ब्लॉकवरून २५ मीटर, मधे दीड-दोन मिनिटं पूर्ण विश्रांती. ज्यांच्या टँकला ब्लॉकच नाही त्यांनी हे काम ५० मीटरच्या दिवशी करावं. उथळ टोकाला काठावरून सूर मारून सराव करून घेऊ नका, डोकं तळाला आपटून मानेला होणारी दुखापत आयुष्यभराची असू शकते. पाण्यात शिरल्यावर हात एकावर एक, डोकं दोन दंडांच्या मधे, पोट आत. बहुतेक मुलं या स्थितीतून अर्धा सेकंद लवकर बाहेर पडतात, कारण त्यांना हात मारायची घाई असते.

पाण्याखालच्या डॉल्फिन किकचं (दोन्ही पाय जोडून मारलेल्या किकचं) सध्या मुलांना वेड आहे. नियमाने फ्री, बॅक आणि बटरफ्लायला १५ मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर यायला हवं, पण अकरा वर्षांच्या मुलाने १५ मीटरपर्यंत जाण्याची गरजच नसते. किक मंदावली की वर यायचं, मग ते सहा मीटर असो की आठ. श्वास रोखून कोण किती लांब जातं अशी पैज तलावावर कधीही लावू देऊ नका. आधी जोरजोरात श्वास घेऊन डुबकी मारली की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, श्वास घ्यायची तहान लागतच नाही, आणि मूल काही न कळता पाण्याखाली बेशुद्ध होतं. चांगली पोहणारी मुलंच यात सापडतात.

शेवट: बॅकस्ट्रोकचे झेंडे भिंतीपासून पाच मीटरवर असतात. झेंड्याखालून गेल्यावर किती हातांनी भिंत येते हे प्रत्येक मुलाला पाठ हवं, आणि ते पूर्ण वेगात मोजलेलं हवं. आरामात पोहताना पाच हात लागत असतील तर शर्यतीत चार लागतात. फ्रीस्टाइलला झेंड्यापासून भिंतीपर्यंत श्वास घ्यायचा नाही. अगदी लहान मुलांनी शेवटचे तीन हात तरी. आणि शेवट जोरात. टचपॅडवर हात नुसता टेकवला तर घड्याळ थांबत नाही.

डीक्यू (बाद) होण्याच्या नेहमीच्या जागा

बॅकस्ट्रोकच्या टर्नला पालथं झाल्यावर हाताची एकच सलग ओढ घेता येते, एका हाताची किंवा दोन्ही हातांची एकत्र, आणि तिच्यातूनच टर्न सुरू व्हायला हवा. मुलं लवकर पालथी होतात आणि मग भिंत लांब राहिली म्हणून किक मारत तिथवर जातात. पंचाचा हात लगेच वर.

आयएममध्ये बॅकस्ट्रोकवरून ब्रेस्टस्ट्रोकला जाताना भिंतीला हात लागेपर्यंत पाठीवरच राहायचं. तिथे बॅकस्ट्रोकचा नेहमीचा टर्न चालत नाही, आणि सवयीने मुलं तेच करतात. वैयक्तिक मेडलेचा क्रम बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री. मेडले रिलेचा मात्र बॅक, ब्रेस्ट, बटरफ्लाय, फ्री. रिलेत पहिल्यांदाच उतरणाऱ्या मुलांची इथे तारांबळ उडते.

ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायला भिंतीवर दोन्ही हात एकाच वेळी आणि एकमेकांपासून सुटे लागायला हवेत. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कात्रीसारखी किक बसणारी मुलं सरावात वर्षभर चालून जातात, स्पर्धेत जात नाहीत. हा दोष चार आठवड्यांत पुरता सुटत नाही. ज्याची किक वेडीवाकडी आहे त्याला या वेळी ब्रेस्टस्ट्रोक देऊ नका, असं मी सरळ सांगतो.

सुरुवातीला 'टेक युअर मार्क्स' नंतर हललं की गेलं, दुसरी संधी मिळत नाही. सरावात प्रशिक्षकाने मुद्दाम कधी लवकर तर कधी उशिरा शिट्टी मारावी, नाहीतर मुलं आवाजाऐवजी सरांच्या लयीवर सुटायला शिकतात.

लहानांच्या पालकांसाठी एक दिलासा: फ्रीस्टाइलला दमून तळाला पाय टेकले तर बाद होत नाही, फक्त चालायचं नाही आणि दोरी ओढायची नाही. हे मुलाला माहीत असलं की त्याची अर्धी भीती जाते.

दहा दिवस आधी: सराव कमी करायचा, पण वेग नाही

पालक सगळ्यात जास्त भांडतात ते टेपरवरून, म्हणजे स्पर्धेआधी सराव घटवण्यावरून. "स्पर्धा तोंडावर आली आणि सर अर्ध्या तासात सोडतात!" हो, सोडतो. वर्षभराच्या मेहनतीने स्नायू दमलेले असतात. तो शीण उतरला की आतला वेग वर येतो. पोहण्याचं अंतर घटवायचं, पण सरावाचे दिवस तेवढेच ठेवायचे आणि छोटे, वेगवान तुकडे तसेच ठेवायचे. सगळंच संथ केलं की मूल शर्यतीत सुस्त पडतं.

किती घटवायचं ते वयावर. पंधरा-सोळा वर्षांची मुलं, जी रोज चार-पाच हजार मीटर पोहतात, त्यांना दहा ते चौदा दिवस लागतात आणि अंतर हळूहळू निम्म्यावर येतं. तेरा वर्षांच्या आसपास आठवडाभर. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना खरं तर टेपर लागतच नाही, शेवटचे तीन-चार दिवस हलके ठेवले की झालं. त्यांचा शीण एका रात्रीच्या झोपेने जातो.

रोज चार हजार मीटर पोहणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा शेवटचा आठवडा साधारण असा: सोमवारी तीन हजार, त्यात शर्यतीच्या वेगाने सहा वेळा ५०, मधे दोन मिनिटं; मंगळवारी अडीच हजार, बरंचसं आरामात, टर्नवर भर; बुधवारी दोन हजार आणि तुकड्यांतलं एक १००; गुरुवारी दीड हजार, ब्लॉकवरून चार वेळा १५ मीटर; शुक्रवारी हजारेक मीटर, दोन सूर, आणि घरी. शनिवार-रविवारी स्पर्धा. जिम, दोरीच्या उड्या, पुश-अप्स या आठवड्यात बंद. खांदा दुखतोय असं मूल म्हणालं तर ते अंगावर काढू नका, त्या दिवशी फक्त किक.

टेपरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही मुलांना अंग उलट जड वाटतं. "सर, हातच उचलत नाहीत." घाबरू नका आणि मुख्य म्हणजे घाबरून सराव वाढवू नका. दोन दिवसांत ते जातं.

मात्र उरलेली शक्ती मुलं कुठे घालवतील यावर नजर हवी. मे महिना, शाळेला सुट्टी, खाली बिल्डिंगमधली मुलं, टर्फवर बॉक्स क्रिकेट, चुलत भावाचं लग्न, गावी जाण्याचा आग्रह. आजीला आधीच सांगून ठेवा की यंदा आंबे खायला आठ दिवस उशिरा येतोय.

झोप, ताप, औषध

सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, तेरा ते अठराला आठ ते दहा. पहाटे पावणेपाचला उठणाऱ्या मुलाला ही झोप मिळवायची तर रात्री आठ-साडेआठला दिवा बंद हवा, लहानांचा त्याहूनही आधी, आणि मुंबईतल्या घरात ते अवघड आहे. वडील नऊला येतात, टीव्ही चालू असतो. निदान शेवटचे दहा दिवस घराने हे सोसावं. स्पर्धेच्या आदल्या रात्री मुलाला झोप लागली नाही तर हरकत नाही, त्याच्या आधीच्या रात्री भरलेल्या असल्या की पुरतं.

सर्दी-खोकल्यावर घरातलं जुनं सिरप देऊ नका. आपल्याकडे मिळणाऱ्या खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) यादीत कायम प्रतिबंधित आहे. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठराविक प्रमाणापेक्षा जास्त आढळलं तर तोही गुन्हाच. मूल वयाने लहान आहे म्हणून चाचणीतून सुटत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मूल राज्य पातळीवर पोहतं, आणि नाडाच्या (भारतातल्या उत्तेजकविरोधी संस्थेच्या) 'नो युवर मेडिसिन' ॲपवर नाव तपासा. दम्यासाठी इनहेलर असेल तर प्रिस्क्रिप्शन फोल्डरमध्ये ठेवा.

मुलींच्या पाळीबद्दल आईने आठवडाभर आधीच मोकळेपणाने बोलावं. पोहताना टॅम्पॉन किंवा कप वापरता येतो, पण त्याची सवय आधीच्या महिन्यांत झालेली हवी. स्पर्धेच्या सकाळी पहिला प्रयोग नको. प्रशिक्षक पुरुष असेल तर मुलीला सांगायला अवघड जातं, म्हणून संघासोबत एक ताई किंवा कोणाची तरी आई असावी.

डबा

नवीन काही नाही, हा एकच नियम. ॲथलीट्ससाठीचं म्हणून विकलेलं महागडं पेय पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशी पाजून मुलाचं पोट बिघडलं, तर वर्ष गेलं. आदल्या रात्री वरण-भात-तूप, पोळी, साधी भाजी. सकाळी वॉर्म-अपच्या दीड-दोन तास आधी इडली, पोहे किंवा उपमा, पोटभर पण तडस लागेपर्यंत नाही. दोन शर्यतींमध्ये तासाहून कमी वेळ असेल तर अर्धं केळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. दोन-तीन तास असतील तर दहीभात, मऊ. वडापाव आणि मिसळ संध्याकाळी, शेवटचा इव्हेंट झाल्यावर, खुशाल.

पाणी घरचंच. तलावाबाहेरच्या गाडीवरचा बर्फ घातलेला उसाचा रस उन्हाळ्यात मुलांना खुणावतो, त्याच्याकडे पाठ फिरवा. पाण्यात राहून घाम येत नाही असं मुलांना वाटतं, पण मे महिन्यात उघड्या तलावाचं पाणी कोमट असतं आणि हवा दमट, घाम भरपूर जातो. लिंबू सरबत किंवा कोकम सरबत, मीठ-साखर घालून, घोट-घोट.

बॅग

दोन गॉगल, त्यातला एक आधी वापरलेला. उघड्या तलावावर बॅकस्ट्रोक असेल तर गडद काचेचा, कारण सूर्य थेट डोळ्यांत येतो. दोन कॅप, दोन कॉस्च्युम, तीन टॉवेल, स्लिपर, टी-शर्ट, चटई, पेन. मुलग्यांचा कॉस्च्युम बेंबीच्या वर किंवा गुडघ्याच्या खाली जाणारा चालत नाही. मुलींचा गळा झाकणारा, खांद्यापलीकडे किंवा गुडघ्याखाली जाणारा चालत नाही. हजारो रुपयांचा रेसिंग सूट अकरा वर्षांच्या मुलाला घेऊ नका. दोन सेकंद टर्नला सांडणाऱ्याला तो सूट काय देणार?

स्पर्धेचा दिवस

वॉर्म-अप सातला असेल तर साडेसहाला तलावावर. रविवार असेल तर लोकलच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक शनिवारीच बघा. सकाळी जाताना गाडी मिळते, पण दुपारच्या सत्रासाठी घरी जाऊन परत यायचा बेत फसतो. डोंबिवली-विरारकडच्यांनी दादरला जवळपासच्या नातेवाइकांकडे मुक्काम केला तर उत्तम. स्पर्धा बालेवाडीला असेल तर आदल्या दिवशी दुपारीच निघा, शनिवारी सकाळी एक्सप्रेसवेवर घाटात अडकणं परवडत नाही.

हीट शीट हाती आली की मुलाच्या हातावर पेनाने इव्हेंट, हीट, लेन लिहा. मोठी मुलं स्वतः लिहितात आणि तो त्यांचा विधीच असतो.

वॉर्म-अपला एका लेनमध्ये पंधरा-वीस मुलं असतात. पाय आधी टाकून उतरायचं, सूर फक्त स्प्रिंटसाठी राखलेल्या लेनमध्ये. लहानांना ४०० ते ६०० मीटर, मोठ्यांना आठशे ते हजार. त्यात दोन गोष्टी चुकवायच्या नाहीत: या तलावातले झेंड्यापासूनचे हात मोजणं आणि टर्नची भिंत निसरडी आहे का ते पायाने पाहणं. ज्या ब्लॉकवरून सुटायचं तो उंच की बुटका, तेही.

मग येतं वाट पाहणं. कार्यक्रम लांबतो, पाहुणे येतात, सत्कार होतात. वॉर्म-अप सातला आणि शर्यत साडेदहाला, मधे पुन्हा पाण्यात उतरायला जागा नाही, असं बहुतेक ठिकाणी होतं. ओल्या कॉस्च्युमवर मूल तीन तास बसलं तर केलेला वॉर्म-अप फुकट. अंग कोरडं करा, कपडे बदला, सावलीत बसवा. शर्यतीच्या वीस मिनिटं आधी हात गोल फिरवणं, जागेवर हलक्या उड्या, खांदे मोकळे करणं. मोबाइलवरचे गेम नकोत, पत्ते चालतील.

मार्शलिंगच्या जागी, म्हणजे शर्यतीआधी मुलांना बोलावून बसवतात तिथे, मुलाला एकट्याने जावं लागतं आणि तिथे शेजारी सहा फूट उंचीचं कोणीतरी बसलेलं असतं. तिथे काय होणार हे आधी सांगून ठेवा: छोट्या शिट्ट्या झाल्या की कपडे काढून तयार, लांब शिट्टी झाली की ब्लॉकवर. बॅकस्ट्रोकला पहिल्या लांब शिट्टीला पाण्यात, दुसऱ्या लांब शिट्टीला भिंतीशी. मूल ब्लॉकवर चढताना त्याच्या डोक्यात एकच सूचना असावी. मी माझ्या मुलांना विचारतो, "आज काय?" उत्तर दोन शब्दांचं असतं: "टर्न घट्ट" किंवा "हात लांब". तिसरा शब्द आला की मी थांबवतो.

शर्यत झाली की आपल्या लेनमध्ये थांबायचं, पंच सांगतील तेव्हा बाहेर. मग आधी दहा मिनिटं हळूहळू चालणं किंवा जागा असेल तर २०० मीटर आरामात पोहणं, पाणी, आणि मगच टायमिंग.

गॅलरीत बसलेल्यांसाठी

तलावावरून "किक मार, किक मार!" असं ओरडलेलं पाण्यात ऐकू येत नाही. ओरडा, तुमची हौस आहे, पण ते सूचना म्हणून नव्हे. शर्यतीनंतर मूल वर आलं की पहिला प्रश्न "कितवा आलास?" हा नसावा. "कसं वाटलं?" विचारलं की मूल स्वतःच सांगतं की टर्नला पाणी नाकात गेलं. शेजारच्या मुलाच्या टायमिंगशी तुलना तर नकोच. बारा-तेरा वर्षांत कोणाची उंची सहा महिन्यांत वाढते, कोणाची दोन वर्षांनी, आणि या वयातली अर्धी पदकं उंचीला मिळतात असं माझं स्पष्ट मत आहे. पंचाचा निर्णय चुकीचा वाटला तर तो प्रशिक्षकाने किंवा व्यवस्थापकाने मांडायचा असतो. पालक टेबलावर हात आपटायला गेले की मूल तिथेच खाली मान घालून उभं राहतं.

नंतर

आठ ते पंधरा दिवस तलाव बंद. मुलं सायकल चालवतील, आंबे खातील, गावी जातील. कान दुखत असेल तर याच काळात डॉक्टरांना दाखवा. घरी एक वही ठेवा: प्रत्येक इव्हेंटचं टायमिंग, ५०-५० चे तुकडे, तलावाची लांबी, आणि एक ओळ मुलाच्या स्वतःच्या शब्दांत. पुढच्या वर्षी ३१ डिसेंबरच्या हिशेबाने मूल वरच्या गटात जाणार असेल तर ते आताच त्या वहीत लिहा. तिथे त्याला एक-दोन वर्षांनी मोठ्या मुलांशी पोहायचं आहे आणि अंतरंही वाढतील. जूनमध्ये नवा हंगाम सुरू होताना प्रशिक्षकांना हे माहीत असलं, तर ५० वर समाधानी असलेल्या मुलाला ते पहिल्या महिन्यापासूनच २०० च्या सेटना लावतील.